केसांची बाटली आणि केसांचे मूळ

मनवेलपाड्यात केस गळण्याचा विषय निघाला की पहिला दोष पाण्यावर जातो. मुंबईत जागा परवडेना म्हणून, कोणी कोकणातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून येऊन विरार पूर्वेला ज्यांनी घर केले, त्यांनी टँकरचे पाणी वापरले आहे, बोअरचे खारट पाणी वापरले आहे आणि बादलीच्या कडेला साचणारा पांढरा थर खरवडलाही आहे. त्यामुळे कंगव्यात मोठे गुंतवळ दिसले की "इथले पाणीच वाईट" असा निकाल तिथल्या तिथे लागतो. काही जण दोष लोकलला देतात. पहाटेची गाडी, दारात लटकून जाणे, रात्री उशिरा जेवण, अपुरी झोप. निकाल काहीही लागो, पुढची पायरी एकच असते. औषधाच्या दुकानात जायचे आणि काचेमागची बाटली मागायची.

या बाटलीविषयी आम्ही आज लिहीत आहोत. विषय काहींना किरकोळ वाटेल. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अन्याय-अत्याचाराचे प्रश्न उभे असताना साप्ताहिकाने टकलावर जागा खर्च करावी काय, असे एखादे ज्येष्ठ उपासक विचारतीलही. परंतु आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांकडे जरा पाहावे. चांगला शिकलेला, नोकरीला लागलेला मुलगा टोपी काढायला लाजतो. परिचयपत्रावर पाच वर्षांपूर्वीचा फोटो चिकटवतो. मुलगी पाहायला आलेल्या बाया तिची पदवी विचारण्याआधी तिचा भांग किती रुंद झाला ते पाहतात. तिशीच्या आतली मुले पगारातला हिस्सा तेलात आणि टॉनिकात घालतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एखादी भगिनी सहा-सहा महिने तेल बदलत राहते, पण तिच्या अंगात रक्त कमी आहे हे कुणी तपासत नाही. पैसा जातो तो जातोच, आजार मात्र अंगातच राहतो.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात वारंवार ऐकतो. ती केसांनाही लागू आहे. बाटली डोक्यावर ओतण्याआधी केस कशाने गळतात ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी केस म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. जो केस आपल्याला दिसतो, विंचरता येतो, कापता येतो, तो निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. हे मूळ शेतासारखे पाळीपाळीने पीक घेते. दोन ते सहा वर्षे केस वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे मूळ आवरते घेते, आणि नंतर जवळजवळ तीन महिने विश्रांती घेते. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. कोणत्याही एका दिवशी डोक्यावरचे सुमारे नव्वद टक्के केस वाढत असतात आणि बाकीचे झोपलेले असतात. म्हणून निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. न्हाण्याच्या दिवशी ते मोरीच्या जाळीवर एकदम दिसतात आणि आपण घाबरतो. ते गळणे नव्हे, ती पाळी आहे.

पाण्याचा प्रश्न इथेच सुटतो. गळलेला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटला आहे. गाठ नसेल तर तो मधेच तुटला आहे. जड पाण्यातले क्षार निर्जीव केसावर बसतात, केस राठ होतो, गुंततो आणि तुटतो. मुळापर्यंत त्या क्षारांचा हात पोहोचत नाही. तेव्हा मनवेलपाड्याच्या पाण्याने केस राठ होतील, पण टक्कल पडणार नाही. शेवटचा तांब्या साध्या, कमी क्षाराच्या पाण्याचा घेतला तरी पुष्कळ फरक पडतो. त्यासाठी हजारो रुपयांचे यंत्र नळाला लावण्याची गरज नाही.

मग कारण पोटात असेल तर काय होते, याचा मोठा धडा आपल्याच महाराष्ट्राने नुकताच पाहिला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांतील माणसांचे केस अचानक जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बाया, शाळकरी मुले, कुणीही सुटले नाही. सुरुवातीला पाण्यावर संशय गेला. नमुने तपासले तेव्हा पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळले. बुरशीचा संशय आला, त्यासाठी टाळूच्या त्वचेचे नमुने घेतले गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. वर्तमानपत्रांत डोक्यांचे फोटो छापून आले, मुलींची ठरलेली लग्ने मोडल्याच्या आणि मुलांनी शाळा-कॉलेजात जाणे सोडल्याच्या बातम्याही आल्या. या काळात लोकांनी डोक्याला काय काय लावले असेल याची कल्पनाच करावी.

या प्रकरणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत जाऊन तपास केला. चवदार तळ्यामुळे महाड आपल्या सर्वांच्या अंतःकरणात आहे. त्याच महाडात राहून विंचूदंशाने मरणारी माणसे वाचवणारे हे डॉक्टर, २०२२ सालचे पद्मश्री. त्यांनी सांगितले की, १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाली. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले, शिवाय जस्त कमी झाले होते. त्यांच्या मते हे सेलेनियम रेशनवर मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हातून पोटात गेले. सेलेनियम अगदी थोडे लागते, जास्त झाले की केस आणि नखे सोडून जातात. पुढे काही रुग्णांची नखेही गळू लागल्याच्या बातम्या आल्या. विष पोटातून येत असताना वरून कितीही महागडे औषध चोळले तरी काय होणार होते? आणि उलट बाजूही पाहावी. मुळे जिवंत होती म्हणून पुष्कळांचे केस काही आठवड्यांत आपोआप परत आले. त्या वेळी एखाद्याने त्यांना तेल विकले असते तर ते तेल जगप्रसिद्ध झाले असते! केसांच्या औषधांची निम्मी कीर्ती अशीच तयार होते, हे आमचे मत आम्ही लपवत नाही.

डॉ. बावस्करांनी विंचवाच्या विषावर जे औषध यशस्वी केले ते प्राझोसिन, म्हणजे मुळात रक्तदाबाची गोळी. योगायोग असा की, केसांसाठी आज जे लावायचे औषध सर्वांत जास्त तपासले गेले आहे तेही रक्तदाबाच्या गोळीतूनच आले. त्याचे नाव मिनॉक्सिडिल. दुकानात ते निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांनी मिळते, पण बाटलीवर बारीक अक्षरांत हे नाव असते. ते शोधावे.

अमेरिकेत अपजॉन नावाच्या कंपनीने ही गोळी बनवली. कोणत्याही औषधाने न उतरणाऱ्या रक्तदाबासाठी १९७९ साली तिला तेथे परवानगी मिळाली. पण त्याआधीच, १९७१ च्या सुमारास, कोलोराडो विद्यापीठात ही गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. रुग्णांना तो त्रास वाटला. गिंटर कान आणि पॉल ग्रँट या त्वचेच्या डॉक्टरांना मात्र वाटले, हे टाळूवरच उगवले तर? गोळी पातळ द्रावणात विरघळवून त्वचेवर लावून पाहिली गेली. पुढे शोध कुणाचा यावरून कंपनीत आणि डॉक्टरांत बरेच वाजले, तो भाग आम्ही सोडून देतो. १९८८ साली दोन टक्क्यांच्या द्रावणाला पुरुषांसाठी परवानगी मिळाली, १९९१ साली स्त्रियांसाठी, आणि १९९७ साली पाच टक्क्यांचे द्रावण पुरुषांसाठी खुले झाले.

हे औषध करते काय? टाळूच्या त्वचेत एक विकर असते. ते मिनॉक्सिडिलला गंधकाचा एक अंश जोडते, तेव्हाच औषध कामाचे होते. असे तयार झालेले औषध पेशींवरच्या पोटॅशियमच्या बारीक वाटा उघडते. रक्तवाहिन्यांत हेच घडले की त्या सैल होतात आणि दाब उतरतो. केसाच्या मुळाशी काय काय घडते, याचा प्रत्येक धागा शास्त्रज्ञांना अजून उलगडलेला नाही. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. विश्रांती घेणारे मूळ लवकर जागे होते, वाढीचा काळ लांबतो, आणि बारीक लव झालेला केस थोडा जाड होऊन येतो. ज्यांच्या टाळूत ते विकर कमी असते त्यांना बाटल्यांमागून बाटल्या लावूनही फरक पडत नाही. शेजाऱ्याला गुण आला आणि आपल्याला नाही, याचे हे एक कारण. त्यात औषध बनावट असेलच असे नाही.

आणि ज्या ठिकाणी मूळच उरले नाही, त्वचा आरशासारखी गुळगुळीत झाली आहे, तिथे जागे करायला कुणी नाही. वडिलांच्या वीस वर्षांच्या चकचकीत टकलावर मुलाने प्रेमाने आणलेली बाटली म्हणून वाया जाते. कपाळावरची रेषा नुकतीच मागे सरकू लागली आहे, माथ्यावर केस विरळ पण शिल्लक आहेत, अशा वेळी औषध घेणाऱ्याला गुण येण्याची आशा जास्त.

आता वापराविषयी, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. औषध केसांना लावायचे नाही, टाळूला लावायचे. केस कोरडे असताना भांग पाडून, बाटलीसोबतच्या नळीने एक मिलिलिटर मोजून, विरळ जागेवर बोटाने पसरायचे. द्रावण असेल तर साधारणतः सकाळी आणि रात्री. जास्त ओतल्याने जास्त केस येत नाहीत, फक्त जास्त औषध रक्तात जाते. लावल्यावर निदान चार तास डोके धुवायचे नाही. पहाटेची लोकल धरणाऱ्याने आधी आंघोळ, मग डोके कोरडे, मग औषध, हा क्रम ठेवावा. हात साबणाने धुवावेत. त्यात स्पिरिट असते, म्हणून लावून लगेच गॅसजवळ किंवा पेटत्या मेणबत्तीजवळ जाऊ नये. वंदनेला बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणि घरात मांजर असेल तर तिला ते डोके, ती उशी चाटू देऊ नये. मांजराला हे औषध थोडेसेसुद्धा जिवावर बेतते.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत उलटेच घडते. केस आणखी गळू लागतात. इथे दहातले कितीतरी जण बाटली फेकून देतात आणि गल्लीत सांगत सुटतात की औषधाने होते तेही गेले. खरे म्हणजे झोपलेली मुळे जागी होऊन नवा केस वर ढकलत असतात, म्हणून जुना केस सुटतो. चार महिने धीर धरावा लागतो, पुरता हिशेब वर्षाने करावा. आणि दुसरी अट त्याहून कडू आहे. औषध बंद केले की तीन-चार महिन्यांत मिळवलेले केस जातात आणि माणूस औषध न घेता जिथे असता तिथे येतो. म्हणजे ही बाटली भाडेकराराची आहे, मालकीहक्काची नव्हे. भाडे भरत राहिलो तर घर. महिन्याला एक बाटली, वर्षाला बारा, दहा वर्षांना एकशेवीस. घरात धाकट्या भावाची फी थकली असताना हा करार करायचा की नाही, ते प्रत्येकाने स्वतः ठरवावे. करायचाच असेल तर महागड्या नावाऐवजी जेनेरिक विचारावे, आतले औषध तेच असते.

खाज, टाळू सोलवटणे, कोंड्यासारखे पापुद्रे हे त्रास पुष्कळांना होतात. बहुधा ते औषध विरघळवणाऱ्या द्रवाने होतात, फेसाच्या स्वरूपातले औषध मग बरे पडते. छातीत धडधड, पायांवर सूज, चक्कर असे झाले तर तत्काळ बंद करून डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असणाऱ्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे वापरू नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ते नाही. स्त्रियांच्या बाबतीत औषध कपाळावर ओघळले तर तिथे लव वाढते, म्हणून झोपण्याच्या निदान दोन तास आधी लावावे, नाहीतर ते उशीवरून गालाला लागते.

पुरुषांच्या टकलाचे मूळ कारण वेगळे आहे आणि ते बाटलीने नाहीसे होत नाही. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ज्या पुरुषांचे अंडकोश वयात येण्यापूर्वीच काढले गेले होते त्यांना टक्कल पडत नाही. म्हणजे पुरुषी संप्रेरक आणि आईबापांकडून आलेला वारसा, दोन्ही जुळले की टक्कल. या संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचे अधिक तीव्र रूप तयार होते. ते कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या मुळांना दरवेळी थोडे थोडे बारीक करत नेते. मागच्या आणि कानांजवळच्या मुळांवर त्याचा जोर चालत नाही, म्हणून तिथली झालर म्हातारपणीही टिकते. जास्त डोके चालवल्याने, हेल्मेटने किंवा टोपीने हे टक्कल पडत नाही.

डीएचटी तयार होण्याला अडवणारे औषध म्हणजे फिनास्टेराइड. त्याची गोळी १९९७ पासून टकलासाठी वापरली जाते. अलीकडे मिनॉक्सिडिलमध्ये ते मिसळलेल्या बाटल्याही मिळतात. या मिश्र बाटलीविषयी आम्हांला कडक शब्दांत सांगायचे आहे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. लावायचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चूक आहे. त्वचेतून ते रक्तात जाते, आणि काही पुरुषांना कामेच्छा कमी होणे, मन खिन्न होणे असे त्रास होतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिकडे दुकानांत मिश्रण करून विकल्या जाणाऱ्या अशा लावायच्या फिनास्टेराइडबद्दल जाहीर इशारा दिला. गरोदर स्त्रीने या औषधाला स्पर्शही करू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका आहे. नवऱ्याची बाटली, नवऱ्याची उशी आणि नवऱ्याचा टॉवेल धुणारी बायको, हे आपल्या घरांतले नित्याचे चित्र आहे. दहा बाय दहाच्या खोलीत एकच फळी सर्वांची असते. तेव्हा ज्याने बाटली आणली त्यानेच ती वर ठेवावी आणि आपला टॉवेल आपण धुवावा.

तेलांचे काय? आमच्या घरांत खोबरेल आहे, माका आहे, जास्वंद आहे, कांद्याचा रस आहे. यांची टिंगल करण्याचे कारण नाही, आणि यांची पूजा करण्याचेही नाही. तपासून घ्यावे, एवढेच. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते असे दिसले. सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात धरूनही हा प्रयोग महत्त्वाचा आहे. पण तो काय सांगतो ते नीट वाचावे. तेल निर्जीव केसाची राखण करते, केस कमी तुटतो. झोपलेल्या मुळाला ते उठवत नाही. आजीचे लांबसडक केस तेलाने टिकले असतील, तेलाने उगवले नव्हते.

कांद्याच्या रसावर बगदादच्या डॉक्टरांचा एक लहान अभ्यास २००२ साली आला. तो चाईवरचा होता, साध्या टकलावरचा नव्हे, आणि चाईचे चट्टे पुष्कळदा आपोआपही भरतात. रोझमेरी तेलाची दोन टक्के मिनॉक्सिडिलशी तुलना इराणमध्ये २०१५ साली झाली. त्यात शंभर रुग्ण होते. एवढ्या आधारावर बाटलीवर "डॉक्टरांनी सिद्ध केलेले" असे छापणे म्हणजे भावकीतल्या दोन साक्षींवर खटला जिंकल्यासारखे आहे. आपल्या देशात कायदाही या बाबतीत बोलतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे' मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे, आणि त्या यादीत टक्कल आहे. जो फेरीवाला, जो बाबा, जो मोबाइलवरचा गोरा माणूस "पंधरा दिवसांत केस, नाहीतर पैसे परत" म्हणतो, तो या नियमाच्या विरुद्ध बोलत आहे. बुवाबाजी पाण्यात अंगारा घालून देवो की बाटलीत हिरवे तेल भरून देवो, जात तीच.

आता भगिनींविषयी. त्यांच्यात सर्वांत जास्त दिसते ते आजारानंतरचे किंवा बाळंतपणानंतरचे गळणे. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठे ऑपरेशन, बाळंतपण, उपासमारीने वजन उतरवणे, अशा धक्क्याने पुष्कळ मुळे एकदम झोपी जातात. विश्रांती तीन महिन्यांची असल्यामुळे केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात. तोपर्यंत ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या साबणावर जातो. बाळ हसायला लागले की आईचे केस गळतात, असे जुन्या बाया म्हणतात. त्यात बाळाचा दोष नाही, महिन्यांचा हिशेब मात्र अचूक आहे. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत थांबते आणि केस परत येतात. त्याला कोणतीही बाटली लागत नाही. लागते ते पोटभर जेवण. डाळ, अंडी, मासे, नाचणी, पालेभाजी, आणि घरातल्या सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेले नव्हे, सर्वांबरोबर.

गळणे सहा महिन्यांपुढे चालू राहिले, पाळी जास्त जात असेल, जिना चढताना दम लागत असेल, थंडी जास्त वाजत असेल, तर हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड या तीन तपासण्या आधी. भांग मधून रुंद होत चालला आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत, पाळी चुकत आहे, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वेण्या इतक्या आवळून घालू नयेत की कपाळाची कातडी ताणली जाईल. वर्षानुवर्षे असे ओढल्याने कानशिलावरची मुळे कायमची मरतात. लहान मुलाच्या डोक्यावर खवडा झाला, पापुद्रे निघून केस बुंध्याशी तुटू लागले, तर ती बुरशी असते. नुसते मलम चोळून ती जात नाही, कारण ती केसाच्या आत असते. पोटात घ्यायच्या गोळ्याच लागतात. चाईवर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात किंवा चट्ट्यात बारीक सुई टोचतात. ते मलम दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊन मुलाच्या डोक्याला लावू नये, कातडी पातळ होते.

आपल्या समाजात केस ही कधीच नुसती शोभेची गोष्ट नव्हती. विधवेचे डोके भादरून तिला घरात कोंडले जाई, त्या केशवपनाविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र आणले, आणि आम्ही हा वस्तरा चालवणार नाही असे त्या बांधवांनी ठरवले. पोतराजाच्या आणि जोगतिणीच्या जटा कापण्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत समजूत घातली आहे. उलट श्रामणेर शिबिरात आपली तरुण मुले हौसेने मुंडण करतात. तिथे प्रव्रज्या घेताना केस, लव, नखे, दात आणि त्वचा या पाचांवर चिंतन करायला शिकवतात. चीवर घातलेल्या त्या मुलाच्या गुळगुळीत डोक्याला आपण वाकून वंदन करतो, आणि दोन महिन्यांनी मेळाव्यात त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाचे विरळ डोके पाहून नाक मुरडतो! परिचयपत्रात शिक्षण, नोकरी, व्यसन आहे की नाही हे रकाने मोठे असावेत, असे आम्हांला वाटते. आणि टक्कल लपवून लग्न जमवणाऱ्या मुलालाही आम्ही सांगू की, टोपी आधीच काढावी. जी मुलगी ते पाहून होकार देईल तिच्याबरोबर संसार करायचा आहे.

ज्यांना उपचार घ्यायचाच आहे त्यांनी तो उघडपणे घ्यावा, त्यातही लाजण्याचे काही नाही. प्रथम जवळच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नसेल तर मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. विरारहून मुंबई सेंट्रलला उतरले की नायर रुग्णालय जवळच आहे, परळला केईएम आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, म्हणून लवकरची गाडी धरावी. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नये, टाळू डॉक्टरांना स्वच्छ दिसली पाहिजे. चालू असलेल्या सर्व गोळ्या, सर्व बाटल्या, फेरीवाल्याकडून घेतलेले तेलसुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्यावे आणि गेल्या सहा महिन्यांत कोणता ताप आला होता ते कागदावर लिहून ठेवावे.